विश्लेषण : एसपी दोन वर्षांचे, हवालदार तीस वर्षांचा, मग जिल्हा ओळखतो कोण?

गृह विभागाची बदल्यांची यादी आली, की पीडीएफ मोबाइलवर पूर्ण उघडण्याआधीच अकोल्यात एक प्रश्न फिरू लागतो. आपले एसपी राहिले की गेले? आणि गेले असतील तर पुढचा प्रश्न खास वऱ्हाडी : ‘आता कोन येते बावा?’

हा प्रश्न चहाच्या टपरीवर गमतीने विचारला जातो. पण तो जिल्ह्यातल्या १८ लाखांहून अधिक लोकांच्या रोजच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

२०१७ नंतर अकोल्याच्या पोलीस अधीक्षकांच्या खुर्चीवर एम. राकेश कलासागर, अमोघ गावकर, जी. श्रीधर, संदीप घुगे आणि बच्चन सिंह हे अधिकारी येऊन गेले. २०२५ मध्ये अर्चित चांडक आले. म्हणजे साधारण आठ वर्षांत पाच अधिकारी आले आणि गेले. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन वर्षे येतात.

यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. कोणी बढतीवर जातो, कोणी निवडणुकीच्या नियमात बसतो, कोणाच्या बाबतीत सरकारला वेगळे काही वाटते. दोष असेलच तर तो एका शब्दाचा आहे. तो शब्द कायद्यात कुठे बसला आहे, हे पुढे येईलच. त्याआधी हे पद नेमके काय आहे, ते पाहू.

शेरीफ आणि एसपी : फरक कुठे पडतो?

ओटीटीवरच्या अमेरिकी गुन्हेकथा पाहणाऱ्यांना ‘शेरीफ’ हा शब्द नवा नाही. तारा लावलेला शर्ट, मोठी टोपी आणि गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारा माणूस. आपल्याकडे मुंबईतही शेरीफ असतो, त्याला नगरपाल म्हणतात. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनीही हे पद भूषवले. पण ते निव्वळ मानाचे पद. त्याचा पोलिसी कामाशी संबंध नाही.

अमेरिकेतला शेरीफ खराखुरा पोलीस प्रमुख असतो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथे अशा तीन हजारांवर काउंटी आहेत आणि बहुतेक ठिकाणी शेरीफ हा लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. मुदत बहुधा चार वर्षांची. काउंटीचा तुरुंग चालवणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे, गावाबाहेरच्या भागात गस्त घालणे ही त्याच्या विभागाची कामे.

मात्र आपल्यासाठी खरी गंमत शेरीफमध्ये नाही, त्याच्या हाताखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्यात आहे. तो ‘डेप्युटी’ म्हणून भरती होतो. अनेक विभागांत पहिली काही वर्षे तुरुंगाच्या बराकीवर पहारा. मग गस्त, मग तपास. पुढे सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन आणि नशीब व काम दोन्ही जमले तर शेरीफच्या खालोखालचे पद. पंचवीस-तीस वर्षांची ही चढण बहुधा एकाच काउंटीत होते. तो निवृत्त होतो तेव्हा ज्याला पहिल्यांदा पकडले, त्याचा नातूही त्याला ओळखत असतो.

आपल्याकडे हे गणित बरोबर उलटे आहे. इथे एकाच जिल्ह्यात नोकरी काढणारा माणूस वर पोहोचत नाही. आणि वर पोहोचणारा माणूस जिल्ह्यात टिकत नाही.

एक इमारत, चार दरवाजे

महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी होण्याचे रस्ते कमीत कमी चार. चारही एकाच इमारतीत जातात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर उघडतात.

पहिला यूपीएससीचा. परीक्षा, हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षण, मग एखाद्या उपविभागात सहायक पोलीस अधीक्षक. अकोट, मूर्तिजापूर किंवा अचलपूर, दर्यापूर यांसारखे उपविभाग म्हणजे या शिक्षणाची शाळा. सेवेच्या पाचव्या-सहाव्या वर्षानंतर जिल्हा मिळू शकतो. चांडक यांचेच उदाहरण घ्या. मूळचे नागपूरचे, आयआयटी दिल्लीचे मेकॅनिकल इंजिनीअर, भारतीय पोलीस सेवेच्या २०१८ च्या तुकडीचे. सातव्या वर्षी त्यांच्या हाती अख्खा अकोला जिल्हा आला. चौदाव्या वर्षाच्या आसपास हे अधिकारी उपमहानिरीक्षक होतात आणि अठराव्या वर्षानंतर महानिरीक्षक. म्हणजे ‘एसपी’ म्हणून जिल्हे सांभाळायला मधली आठ-नऊ वर्षेच असतात. तेवढ्या काळात तीन-चार जिल्हे होतात आणि त्यातच अधूनमधून शहरात उपायुक्त, कुठे राज्य राखीव दलाचा समादेशक. अमरावतीतही राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ आहेच.

दुसरा दरवाजा एमपीएससीचा. थेट उपअधीक्षक, नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण आणि बऱ्याच वर्षांनी पदोन्नतीने आयपीएस.

तिसरा उपनिरीक्षकाचा. नाशिकमधूनच बाहेर पडलेला फौजदार पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक होतो. वऱ्हाडात आजही लोक पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला ‘ठाणेदार’ म्हणतात. तो बहुतेक वेळा याच रस्त्याने आलेला असतो. यातले काहीजण निवृत्तीआधी उपअधीक्षक होतात. एसपीच्या खुर्चीपर्यंत पोहोचणारे विरळाच.

आणि चौथा दरवाजा, ज्यातून दलातली बहुसंख्य माणसे आत येतात : शिपाई भरती. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावायचे, लेखी परीक्षा द्यायची, मग अकोल्याजवळच्या गडंकीसारख्या प्रशिक्षण केंद्रात घाम गाळायचा. शिपायाची भरती जिल्ह्याच्या घटकात होते आणि ज्येष्ठताही त्याच जिल्ह्यात मोजली जाते. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक. मधले ‘पोलीस नाईक’ हे पद २०२२ मध्ये मोडीत निघाले, त्यामुळे एक पायरी कमी झाली. त्याच वर्षी तीस वर्षे सेवा झालेल्या सहायक उपनिरीक्षकांसाठी ‘श्रेणी पोलीस उपनिरीक्षक’ असा मार्ग काढण्यात आला. खांद्यावर दोन तारे येतात, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षीची निवृत्ती हाकेच्या अंतरावर असते.

विभागीय परीक्षा देऊन लवकर फौजदार होणारे अंमलदारही आहेत. पण ते झाले, की त्यांनाही बदलीचे चक्र लागू होते आणि जिल्हा सुटतो. व्यवस्थेचा हा भाग फारसा बोलला जात नाही. हुशार अंमलदाराला बढती द्यायची म्हणजे त्याची सगळ्यात मोठी पुंजी, त्याचा जिल्हा, त्याच्याकडून काढून घ्यायचा.

एकच कलम, दोन सह्या

अमरावती आणि अकोला यांच्यात शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर. बोली तीच, कापूस-सोयाबीन तेच. पोलीस व्यवस्था मात्र वेगळी. अमरावती शहराला पोलीस आयुक्त आहेत, उरलेल्या अमरावती जिल्ह्याला ग्रामीण पोलीस अधीक्षक. अकोल्यात शहर आणि जिल्हा मिळून एकच एसपी. दोन्ही जिल्ह्यांच्या अधीक्षकांवर अमरावती परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांची देखरेख असते. या परिक्षेत्रात अमरावती ग्रामीण, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ येतात.

नावापलीकडे फरक काय? तो शांततेच्या दिवशी दिसत नाही, दंगलीच्या दिवशी दिसतो.

नोव्हेंबर २०२१. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ १२ तारखेला अमरावतीत मोर्चा निघाला, १३ तारखेला त्याविरोधात बंद झाला आणि दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. संचारबंदीचा आदेश निघाला तो पोलीस आयुक्तालयातून, प्रभारी आयुक्तांच्या सहीने. कारण आयुक्तालयात दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार पोलीस आयुक्तांकडेच असतात.

मे २०२३. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून १३ तारखेला रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात हिंसाचार उसळला. एकाचा जीव गेला. तिथे जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. कलम तेच, १४४ (आता नव्या संहितेत १६३), सही मात्र वेगळ्या इमारतीतली. सराईत गुंडाला स्थानबद्ध करण्याच्या कायद्यातही असेच आहे. आयुक्तालयात आदेश आयुक्तांचा, जिल्ह्यात प्रस्ताव एसपींचा आणि आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा.

कोणती पद्धत चांगली, यावर दोन्हीकडून बोलता येते. दोन कार्यालयांच्या सह्यांमुळे वेळ जातो हे खरे, पण पोलिसांनी मागितले आणि पोलिसांनीच दिले, असेही होत नाही. आणीबाणीच्या रात्री सहीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच असते. कोणत्या गल्लीत कोणाला फोन केला तर जमाव मागे सरकेल, हे कोणाला ठाऊक आहे?

या दोन घटनांच्या मध्ये, एप्रिल २०२२ मध्ये, अचलपुरातही झेंड्यावरून दोन गट भिडले होते. तो भाग अमरावती ग्रामीणचा. म्हणजे दीड वर्षात वऱ्हाडात तीन ठिकाणी आग लागली, तिन्ही ठिकाणचे पोलीस प्रमुख वेगळे होते. त्या वेळच्या तिघांपैकी आज एकही त्या खुर्चीवर नाही. त्या रात्री जे शिकले ते घेऊन तिघेही पुढच्या पदावर गेले. चौकशीचे कागद मागे राहिले. पण कोणाचा शब्द चालला आणि कोणी ऐन वेळी फोन बंद ठेवला, हे कागदावर लिहिले जात नाही.

अकोल्यात दरवर्षी श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावड यात्रा निघते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन हजारो शिवभक्त अनवाणी चालत येतात आणि जुन्या शहरात राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. तेच जुने शहर, जिथे मे २०२३ ची रात्र उजाडता उजाडत नव्हती. पालख्या कोणत्या चौकात किती वेळ थांबतात, कोणत्या मंडळाचा कोणत्या मंडळाशी जुना वाद आहे, ढोल कुठे बंद ठेवायची प्रथा आहे, हे बंदोबस्ताच्या फाईलमध्ये थोडे असते, हवालदाराच्या डोक्यात जास्त. सध्याच्या सरासरीने एका एसपीच्या वाट्याला ही यात्रा एकदा येते, फार तर दोनदा. पहिल्या वेळी अधिकारी पाहतो, दुसऱ्या वेळी सुधारणा करतो. तिसरी वेळ येतच नाही.

कामठीचा अधिकारी आणि कार्यकाळाचा कायदा

पोलीस अधिकाऱ्याला खुर्चीवर किमान काही काळ टिकू द्या, ही मागणी नवी नाही. तिच्या मुळाशी विदर्भाचा एक माणूस आहे, हे मात्र फार कमी जणांना माहीत असते.

खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ चा, नागपूरजवळच्या कामठीतला. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले. तेव्हा अमरावती, अकोला याच प्रांतात होते. १९५२ ते १९५८ या काळात पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि रुस्तमजी मध्य प्रदेशाच्या वाट्याला गेले. तिथे ते १९५८ ते १९६५ पोलीस महानिरीक्षक होते. १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभे राहिले, त्याचे पहिले प्रमुख तेच. या दलाच्या प्रमुखपदी ते १९७४ पर्यंत राहिले. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, २००३ मध्ये ते गेले.

ही कारकीर्द पाहताना नजर पदांवर जाते. आकडे पाहा : सहा वर्षे, सात वर्षे, नऊ वर्षे. आजच्या एसपीला हे आकडे दुसऱ्या ग्रहावरचे वाटतील.

निवृत्तीनंतरचे त्यांचे काम आपल्या विषयाच्या जास्त जवळचे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे ते सदस्य होते. त्याच काळात बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कैद्यांविषयी त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ चे हुसैनारा खातून प्रकरण उभे राहिले. देशातल्या जनहित याचिकांची सुरुवात सांगताना वकील आजही हेच नाव घेतात.

आयोगाने आठ अहवाल दिले. पोलीस प्रमुखाला कायद्याने ठरलेला कार्यकाळ असावा, बदलीची तलवार राजकारण्यांच्या हाती नसावी, ही त्यातली एक मुख्य शिफारस. अहवाल धूळ खात पडले. १९९६ मध्ये प्रकाश सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. तेही सीमा सुरक्षा दलाचे माजी प्रमुख, हा योगायोग नोंदवण्यासारखा. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल आला. न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की परिक्षेत्र प्रमुख, जिल्ह्याचे एसपी आणि ठाणेदार यांना किमान दोन वर्षे द्या. बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमा. तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा.

इथे ‘किमान’ हा शब्द लक्षात ठेवायचा.

कायद्यातला तो शब्द

महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायदा, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) यात दुरुस्ती केली. २०१४ पासून त्यात कलम २२ न आहे. उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांसाठी एका ठिकाणी दोन वर्षांचा ‘सर्वसाधारण’ पदावधी, असे ते सांगते.

न्यायालय म्हणाले ‘किमान’, कायद्यात आले ‘सर्वसाधारण’. वरवर पाहता दोन्हीकडे दोनच वर्षे. पण किमान म्हणजे जमिनीची पातळी, त्याखाली जाता येत नाही. सर्वसाधारण म्हणजे प्रथा. तिला अपवाद असतातच. दोन वर्षे झाली, की अधिकारी बदलीस ‘पात्र’ ठरतो आणि त्याचे नाव यादीत असणे कोणालाच खटकत नाही. जो आकडा खालची मर्यादा म्हणून आला, तो व्यवहारात वरची मर्यादा होऊन बसला.

त्याच कलमात दोन वर्षांआधीही बदलीची सोय आहे. अपवादात्मक प्रकरणी, जनहितार्थ आणि प्रशासकीय निकडीमुळे मुदतपूर्व बदली करता येते. आयपीएस अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आहे. ‘प्रशासकीय निकड’ हे दोन शब्द इतके ऐसपैस आहेत, की त्यात काहीही मावते.

खालच्या पायऱ्यांवर तर नियमांचे वेळापत्रकच आहे. उपनिरीक्षक ते निरीक्षक यांना एका पोलीस ठाण्यात दोन वर्षे, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात आठ. स्थानिक गुन्हे शाखेत तीन वर्षे. म्हणजे अकोला, वाशीम, बुलढाणा अशा वऱ्हाडातल्या ठाण्यांत आठ वर्षे मुरलेला, बोली समजणारा, कोणता खबऱ्या खरा आणि कोणता पोटभरू हे ओळखणारा निरीक्षक नियमानेच परिक्षेत्राबाहेर जातो. शिपाई-हवालदारांना एका ठिकाणी पाच वर्षे, पण त्यांचा जिल्हा सुटत नाही.

त्यावर निवडणूक आयोगाचा नियम आहे. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नको आणि चार वर्षांत तीन वर्षे एकाच जिल्ह्यात काढलेला अधिकारी मतदानाआधी हलवायचा. नियमाचा हेतू चांगलाच आहे. पण लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी येतात, जसे २०२४ मध्ये झाले, तेव्हा उरलीसुरली घडीही मोडते.

शेवटी जिल्ह्याची स्मरणशक्ती कोणाकडे उरते? बीट हवालदाराकडे, जिल्हा विशेष शाखेतल्या जुन्या अंमलदाराकडे आणि गावातल्या पोलीस पाटलाकडे. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानुसार नेमला जाणारा पोलीस पाटील हा त्याच गावचा असतो. अमेरिकेतल्या शेरीफच्या जुन्या कल्पनेशी आपल्याकडे सर्वांत जवळचे नाते या मानधनावर काम करणाऱ्या माणसाचे आहे, आयपीएसचे नाही. मेळघाटात तर हे आणखी ठळक होते. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर कोरकू बोलणारा अंमलदार नसेल, तर तक्रार नोंदवून घेणेही अवघड.

मग अधिकाऱ्याला दहा वर्षे ठेवायचे का?

नाही. आणि याचे उत्तरही शेरीफच्याच देशातून मिळते. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत जो अर्पायो हे १९९३ पासून २०१६ अखेरपर्यंत, म्हणजे २४ वर्षे शेरीफ होते. पुन्हा पुन्हा निवडून येत गेले. कैद्यांना उन्हात तंबूत ठेवण्याबद्दल मिरवले गेले. लॅटिन वंशाच्या लोकांना नुसत्या दिसण्यावरून अडवण्याबद्दल न्यायालयाने फटकारले. न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दल २०१७ मध्ये ते दोषी ठरले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. एकाच माणसाच्या हाती जिल्हा फार काळ राहिला, की जिल्हा त्याचा होतो.

आपल्याकडे याची भीती वेगळ्या रूपात आहे. पूर्णेच्या पात्रातली रेती, गुटखा, वरली मटका, बोगस कपाशी बियाणे. हे धंदे ज्यांच्या आशीर्वादाने चालतात, त्यांना मुरलेला अधिकारी हवाच असतो. फक्त तो त्यांच्याकडे मुरलेला हवा. ठाणेदार चार वर्षांत जिल्ह्याबाहेर जातो त्यामागे हेच कारण आहे आणि ते चुकीचे नाही.

पण इथे एक गफलत होते. बदल्यांनी हितसंबंध तुटतात, हे गृहीतकच तपासायला हवे. रेतीवाला बदलत नाही, मटकेवाला बदलत नाही, त्यांचा राजकीय पाठीराखाही बदलत नाही. बदलतो तो फक्त एसपी. ज्या अधिकाऱ्याला आपण दीड वर्षात जाणार हे ठाऊक आहे, त्याच्याशी भांडण्यापेक्षा थांबणे जास्त सोपे. धंदेवाईकाला फक्त पुढच्या यादीची वाट पाहायची असते. आणि ज्या अधिकाऱ्याला दोन वर्षांनंतर चांगले पद हवे आहे, त्यालाही न भांडण्याचेच बक्षीस मिळते.

म्हणून प्रश्न कार्यकाळाच्या लांबीचा कमी आणि त्याच्या खात्रीचा जास्त आहे. एसपीला तीन वर्षे द्यावीत, तेही ‘सर्वसाधारण’ नव्हे तर ‘किमान’ म्हणून. त्याआधी हलवायचे असेल तर जरूर हलवावे. गंभीर चूक झाली तर दुसऱ्या दिवशीही हलवावे. पण कारण आदेशात सविस्तर लिहावे आणि आदेश संकेतस्थळावर टाकावा. ‘प्रशासकीय निकड’ एवढ्यावर भागू नये. अधिकाऱ्याला त्याचा त्रास होईल असे म्हणणारे आहेत. कारण न लिहिता रातोरात हलवल्यावर जी कुजबुज होते, तिच्यापेक्षा लेखी कारण बरे.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही, सवयीची आहे. नवे एसपी येतात तेव्हा जुने अनेकदा त्याच दिवशी कार्यभार सोडतात. पुष्पगुच्छ, फोटो, दोन कप चहा आणि जिल्हा हस्तांतरित. कारखान्यातली एखादी मोठी मशीनही अशी कोणी सोपवत नाही. किमान दहा दिवस दोघांनी बरोबर फिरावे. जुने शहर, अकोट फैल, अचलपूर, परतवाडा इथल्या शांतता समित्यांच्या माणसांशी नव्याची ओळख जुन्याने करून द्यावी. मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक मोठ्या बंदोबस्तात काय फसले, याची टिपणे सीलबंद का होईना पण पुढच्याच्या हाती द्यावीत.

तिसरी अवघड आहे. अंमलदारातून फौजदार झालेल्यांपैकी काहींना, स्वच्छ सेवापत्रक असेल तर, गोपनीय शाखेसारख्या ठिकाणी त्याच परिक्षेत्रात राहण्याची सवलत द्यावी लागेल. त्यात वशिल्याची शक्यता आहेच, म्हणून निवड परिक्षेत्राच्या मंडळाने करावी, एकट्या एसपीने नव्हे. यावर फौजदारांच्या थेट भरतीतून आलेले नाराज होतील. त्यांची नाराजी बिनबुडाची नाही. पण वीस वर्षे अकोल्यात काढलेला माणूस बढती मिळताच दोनशे किलोमीटरवर एखाद्या अनोळखी ठाण्यात कारकुनी करू लागतो, तेव्हा नुकसान त्याच्या एकट्याचे नसते.

बच्चन सिंह २०२४ मध्ये अकोल्यात आले ते शेजारच्या वाशीमचे एसपीपद सांभाळून. शेजारच्याच जिल्ह्यातला, त्याच परिक्षेत्रातला अनुभव घेऊन अधिकारी आला, तर त्याला कापसाचा हंगाम, इथले सण आणि इथली बोली पहिल्या दिवसापासून शिकावी लागत नाही. असे योगायोगाने घडू शकते, तर धोरण म्हणूनही घडू शकते.

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे आणि कलम २२ न महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केले आहे. ‘सर्वसाधारण’ काढून ‘किमान’ घालायला एका ओळीचे दुरुस्ती विधेयक पुरते. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. अकोल्याहून रेल्वेने चार तासांवर.